फिल्टर खाली कर दो

"सर, आपने ही तो बोला था, फिल्टर खाली कर दो," ऑफिसातला तरुण सौरभ रमाकांत पेंडसेंना म्हणाला.

लखनौच्या सरोजिनी नगरातल्या या ट्रक कंपनीचा सर्व्हर पेंडसेंनीच उभारलेला. ट्रक कुठे आहे ते कळवणाऱ्या, ट्रकवरच्या यंत्रांचे संदेश तिथे येत आणि एकामागे एक लावलेल्या फिल्टरांतून जात. एक फिल्टर कुलूपबंद मजकूर उघडायचा, त्याच्या खालचा पाठवणाऱ्याची ओळख तपासायचा. कुणीतरी हा क्रम उलटा करून ठेवला. बंद मजकुरावरून ओळख पटणार कशी? सर्व्हर खऱ्या ट्रकांनाच हाकलून देऊ लागला. काल पेंडसे रजेवर असताना सौरभने फोन केला, तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांनी ऐकताक्षणी ओळखलं. "चेकिंग वाला फिल्टर खाली कर दो, बस," ते म्हणाले होते.

त्यांना म्हणायचं होतं, खालच्या जागी ने. लखनौच्या सौरभने ऐकलं, रिकामा कर. त्याने फिल्टर होता तिथेच ठेवला आणि आतला कोड तेवढा पुसून टाकला. ट्रक आत येऊ लागले, तसं बाहेरचं कुणीही येऊ लागलं. कुणा टवाळाने खोटे संदेश धाडले आणि आज सकाळी कानपूरला निघालेले ट्रक ग्राहकाला नकाशावर नेपाळात दिसले.

पेंडसेंनी कोड परत घातला, क्रम बदलला. समोरचा चहा गार व्हायच्या आत ट्रक नकाशावर पुन्हा कानपूर रोडवर आले. पण त्याचं कौतुक करायला सवड कुणाला होती?

"पेंडसे जी, बाल सफ़ेद कर लिए लखनऊ में, 'नीचे' बोलना नहीं आया?" मॅनेजर मीनाक्षी श्रीवास्तव म्हणाल्या. सगळे हसले. सौरभसुद्धा. "क्लाइंट बहुत नाराज़ है. अब से सर्वर सौरभ देखेगा."

पेंडसेंना संताप आला. पोराने एकदा उलटून विचारायचं तरी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर थोडासा चोर तेही होतेच, आणि तेच जास्त झोंबत होतं.

सर्व्हरचा पासवर्ड सौरभच्या हवाली करून ते जागेवर बसले, तोच बायकोचा, मंजिरीचा फोन आला.

"अहो, येताना अलीगंजातून पोहे आणाल का?"

शेजारच्या टेबलावर सौरभ बसला होता.

"हाँ, ले आएँगे," पेंडसे म्हणाले. "और कुछ चाहिए?"

बायकोशी ते आयुष्यात कधी हिंदीत बोलले नव्हते.

"कोण बोलतंय?" मंजिरीने विचारलं.