मुंगीसरांचा अभिप्राय

सगळं कॉलेज त्यांना मुंगीसर म्हणायचं. वारुळापुढे उकिडवं बसून त्यांच्या गुडघ्यांची वाट लागली होती, पण नाव काही झालं नव्हतं. त्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मूळचा भौतिकशास्त्राचा. गेल्या वर्षी त्याने एक भारी कॅमेरा घेतला आणि थेट मुंग्यांतच घुसला.

एका सकाळी सरांना एका नियतकालिकाच्या संपादकांचा मेल आला. एक शोधनिबंध तपासून द्याल का? लेखकाशी नातं असल्यास कळवावं. निबंध साडूचा होता. अरुंद दारातून कितीही मुंग्या निघाल्या तरी चेंगराचेंगरी होत नाही, असं त्याने सिद्ध केलं होतं.

सरांचा जळफळाट झाला. हे त्यांनी तरुणपणीच पाहिलं होतं! लिहू लिहू म्हणत राहून गेलं होतं, एवढंच.

नात्याचं त्यांनी कळवलं नाही. परीक्षक कोण हे लेखकाला कधीच कळणार नव्हतं. त्यांनी सभ्य भाषेत अभिप्राय लिहिला: 'हाच प्रयोग काळ्या मुंग्यांवर, कडक उन्हात करावा. त्याशिवाय निबंध छापू नये.' उन्हात काळ्या मुंग्या दारात हमखास अडकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता बस म्हणावं कॅमेरा पुसत.

पुढचे काही महिने साडू भेटला की तोंड उतरलेलं असायचं. सर आपुलकीने विचारायचे, "काय रे, कुठवर आलं काम?" आणि घरी परतताना शीळ घालायचे.

मग एका रविवारी साडू जेवायला आला तो उड्या मारतच.

"दादा, निबंध घेतला त्यांनी! त्या परीक्षकाने तोच प्रयोग काळ्या मुंग्यांवर करायला लावला. आधी शिव्या घातल्या मी त्याला. मुंग्या अडकल्या, माझं सगळं मुसळ केरात. पण कॅमेरा चालूच राहिला होता. थोड्या वेळाने मागच्या मुंग्या आपणहून माघारी फिरल्या आणि दार मोकळं झालं! आता निबंधात तोच मुख्य मुद्दा आहे."

सरांचा घास तोंडातच राहिला. मुंग्या अडकलेल्या त्यांनी कितीदा पाहिल्या होत्या. प्रत्येक वेळी ते तेवढ्यावरच उठून गेले होते.

"कोण देवमाणूस आहे कुणास ठाऊक," साडू म्हणाला. "निबंधात आभार मानलेत त्याचे, नावाशिवाय."

पाहुणे गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, काळ्या मुंग्यांचं एवढं वेड मला एकाच माणसाचं माहीत आहे."

सरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"चांगल्या मनाने सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग सांगून टाका. त्यालाही आणि त्या संपादकांनाही."

सरांनी संपादकांना कळवलं. उत्तर कोरडं आलं: तुमचा अभिप्राय रद्द केला आहे, निबंध नव्या परीक्षकाकडे जाईल, यापुढे आपल्याला तसदी देणार नाही. मग ते साडूच्या प्रयोगशाळेत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळे झाले.

साडू बघतच राहिला. निबंध पुन्हा लटकला, याचा राग त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"म्हणजे ते तुम्ही होतात? मला वाटलं, कुणीतरी मोठा माणूस असेल."

आपण काय बोलून बसलो हे कळताच त्याने जीभ चावली. सरांचे कान तापले. हे मात्र त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तडक निघून जावंसं वाटलं, दारापर्यंत गेलेही.

नव्या परीक्षकाने पुढे निबंध एका झटक्यात मंजूर केला. आभाराची ओळ गळाली. सरांचा जळफळाट थांबला असं काही झालं नाही. पण त्या दिवशी दारातून ते परत फिरले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "माघारी फिरतात ते दाखव. मी कधी पाहिलं नाही."