जवसाच्या तेलाची वाटी

मित्रांनो, गाडीलाही भीती वाटते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. लोखंडाला कसलं आलंय भय, असं तुम्ही म्हणाल. पण मी भ्यायले आहे, आणि ज्या हातांनी माझ्यावर सगळ्यांत जास्त माया केली त्याच हातांना भ्यायले आहे. आंबागडच्या किल्ल्याखाली, आसारामबाबांच्या गोठ्यात उभी असलेली पांढरी क्वालिस ती मीच. पांढरी आपलं म्हणायचं, आता रंग ताकासारखा झाला आहे.

माझं घराणं मोठं. टोयोटा हे नाव कुठेही घ्या, मेकॅनिक मान डोलावतो. पण आमची सुरुवात मोटारींपासून झाली नाही, ती झाली मागापासून. जपानातल्या आमच्या मूळ पुरुषाने कापड विणणारी यंत्रं बनवली. त्यांतल्या एका मागाची खुबी अशी, की विणता विणता धागा तुटला तर तो आपोआप थांबायचा. तुटक्या धाग्याचं कापड पुढे विणलंच जायचं नाही. पुढे त्याच घरातून मोटारी निघाल्या, तरी ती शिकवण सुटली नाही. आमच्या घराण्याच्या कारखान्यांत चूक दिसली की साधा कामगारसुद्धा दोरी ओढून काम थांबवू शकतो.

लोकांनी मात्र आमच्याबद्दल नेमकं उलटं लक्षात ठेवलं. म्हणे, ही गाडी कधी थांबतच नाही. बंगळुरूजवळ माझा जन्म झाला तेव्हा क्वालिस म्हणजे मोठी मिजास होती. लग्नात, दौऱ्यात, टॅक्सीच्या अड्ड्यावर सगळीकडे आम्हीच. थोड्याच वर्षांत धाकट्या बहिणीला, इनोव्हाला, जागा देऊन माझी पिढी बंद झाली. पण ज्या निघाल्या होत्या त्या धावत राहिल्या आणि आमची ख्याती वाढत गेली. ख्याती वाढली की काळजी कमी होते, मित्रांनो. जो कधी आजारी पडत नाही, त्याला घरात कोण विचारतो?

भंडाऱ्याच्या एका पितळी भांड्यांच्या व्यापाऱ्याने मला पहिल्यांदा घेतलं. तो मला भांड्यांसारखी घासूनपुसून ठेवायचा. त्यानंतर मी नाकाडोंगरीकडे एका खाण ठेकेदाराकडे गेले. तिथे काळी धूळ खाल्ली, माणसं दाटीवाटीने वाहिली, आणि दर वेळी एकच वाक्य ऐकलं: जपानी माल आहे, काही होत नाही. शेवटी लिलाधरने मला आंबागडला आणलं. लिलाधर म्हणजे आसारामबाबांचा मुलगा. गावातलं लग्न असो, दवाखाना असो की तुमसरचा बाजार, त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

मी आले त्याच वर्षी आसारामबाबांची शेवटची बैलजोडी, लाख्या आणि बांड्या, म्हातारपणाने गेली. शेतात ट्रॅक्टर आला होता, नवी जोडी घ्यायचं कारण उरलं नव्हतं. गोठा रिकामा होता, म्हणून मला तिथे बांधलं. हो, बांधलंच म्हणायचं. म्हातारा रोज सकाळी यायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि लाख्याशी बोलावं तसं माझ्याशी बोलायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

आता माझ्या लाल दिव्याबद्दल सांगते. गाडीला तोंड नसतं, पण काचेखाली छोटे छोटे दिवे असतात, तीच आमची जीभ. त्यांतला एक लाल दिवा ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला राहिला तरी तो लागतो आणि ब्रेकच्या डबीतलं तेल खाली गेलं तरी लागतो. एका पावसाळ्यात माझे ब्रेक घासून पातळ झाले, डबीतलं तेल खाली उतरलं आणि दिवा लागला. मी त्याला विझू दिलं नाही. जिवाच्या आकांताने ओरडत होते, असंच समजा.

लिलाधरने हँडब्रेक दोनदा खालीवर केला आणि दिव्यावर टिचकी मारली. वायरमध्ये काहीतरी असेल, पोळा झाला की टेकचंदला दाखवू, असं तो म्हणाला. टेकचंद हा तुमसरचा मेकॅनिक. मागे बसलेल्या आसारामबाबांनी मात्र तो लाल दिवा नीट पाहून घेतला. बैलाचा डोळा लाल झाला की त्याच्या अंगात उष्णता असते, खांदा दुखत असतो, एवढं त्यांना आयुष्याने शिकवलं होतं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांवर कोमट पाणी घालतात, पळसाच्या पानाने तेल-हळद चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. त्या सांजेला आसारामबाबा गोठ्यात आले. हातात पितळी वाटी होती, वाटीत कोमट जवसाचं तेल. आधी त्यांनी माझ्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला तेल लावलं. मग त्यांना तो लाल डोळा आठवला असावा. त्यांनी बोनेट उघडलं. आत एक छोटी पांढरी डबी, तिच्यावर रेघ, आणि आतलं तेल रेघेच्या बरंच खाली. तहानलेल्या जनावरापुढची रिकामी डोणी पाहावी तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"खांदा दुखते ना तुया?" ते हळूच म्हणाले. "कोनाचं ध्यान नाही तुयाकडं."

आणि त्यांनी झाकण काढून वाटी त्या डबीत ओतली. अगदी रेघेपर्यंत.

मित्रांनो, ब्रेकचं तेल वेगळं असतं. दुसरं कुठलंही तेल त्यात गेलं की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक मरतो. हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? डबी भरली होती. माझी एकच जीभ होती, ती त्या तेलाने बंद केली. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तेव्हा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. लिलाधर हसून म्हणाला, पाहा, आपोआप बरी झाली. म्हातारा समाधानाने मिशीत हसला.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून मलाही दिवसभर सुट्टी होती. मला पुरणपोळी दाखवली, झूल म्हणून जुनं लुगडं घातलं. आणि आत, अंधारात, एकेक रबर फुगत होतं. माझ्याइतका भेदरलेला पाहुणा त्या दिवशी कुठल्याच पाटावर बसला नसेल.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा. तुमसरला लाकडी बैलांच्या सजावटीची स्पर्धा होती. गावातली पोरं आपापले बैल पोटाशी धरून माझ्यात चढली. लिलाधरची मुलगी रेणू त्यांच्यात होतीच. पुढच्या सीटवर अंगणवाडीच्या वच्छलाबाई बसल्या. पोरं एकमेकांच्या बैलांना नावं ठेवत होती, हसत होती. मला त्यांचं हसू ऐकवत नव्हतं.

गाव सुटलं आणि त्रास सुरू झाला. लिलाधरने ब्रेकवरचा पाय काढला तरी ब्रेक सुटेना. चाकं घासत राहिली, तापत राहिली. त्याला वाटलं, गाडी जड आहे. पुढे जंगलाचा उतार लागतो, उताराच्या तळाशी तलाव, आणि रस्ता त्या तलावाच्या उंच मातीच्या पाळीवरून जातो. तलाव काठोकाठ भरला होता. पाळीवर रस्त्याच्या कडेला ढिवरांच्या बाया मासे निवडत बसल्या होत्या. मी वरूनच त्यांना पाहिलं.

उताराच्या मध्यावर लिलाधरने ब्रेक दाबला. तापून आतलं तेल उकळलं होतं, पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला.

"बाई," तो इतक्या खालच्या आवाजात बोलला की मागे कुणाला ऐकू गेलं नाही, "बिरेक नाही लागून राहिला."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज अंगणवाडीतलाच राहिला. मागे वळून त्या म्हणाल्या, "चला, आपापला बैल पोटाशी धरा. मान खाली घाला. मी म्हनल्याशिवाय कोनी वर पाहाचं नाही."

पोरांना तो खेळ वाटला. सगळी माना खाली घालून बसली. लिलाधरने गिअर एकेक करून खाली टाकला, माझं इंजिन कळवळलं. हँडब्रेक ओढला, मागची चाकं किंचाळली, वेग थोडा उतरला, पण पुरेसा नाही. पाळीवरच्या बायांनी वर पाहिलं. माझ्या पोटात लेकरं होती, समोर त्या बाया आणि त्यांच्या मागे पाणी. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कधी जन्मलोच नसतो तर बरं.

पाळीच्या अलीकडे डाव्या हाताला धानाची बांधी होती, म्हणजे भाताचं खाचर, चिखलाने भरलेलं. लिलाधरने स्टिअरिंग मोडेस्तोवर फिरवलं. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून उडाले, धानात घुसले आणि चिखलाने मला छातीपर्यंत धरलं. मी थांबले. माझ्या घराण्यात थांबण्याला एवढं मोल का आहे, ते मला त्या चिखलात कळलं.

ढिवरांची शकुनबाई पदर खोचून सगळ्यांत आधी धावत आली. एकेक लेकरू तिने काखेत घेऊन धुऱ्यावर ठेवलं. कुणाचा ओठ फुटला, कुणाला टेंगूळ आलं, रेणूच्या लाकडी बैलाचं एक चाक तुटलं. बाकी सगळी शाबूत होती.

निरोप मिळाला तसा टेकचंद आला, गावकरी आले, आसारामबाबाही धापा टाकत आले. टेकचंदने बोनेट उघडलं, डबीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि तो लिलाधरकडे बघत राहिला. लिलाधरने वास घेतला. त्याच्या घरातला, पोळ्याच्या वाटीचा वास. त्याने मागे वळून बापाकडे पाहिलं. म्हातारा नातीला कवटाळून उभा होता.

"जुनी झाली गाडी," लिलाधर मोठ्याने म्हणाला. "तिचाच भरोसा नाही राहिला." टेकचंदला त्याने डोळ्यांनीच गप्प केलं.

बापाला वाचवायला त्याने दोष माझ्यावर घातला. टेकचंदने सगळी रबरं बदलून मला ठीक केलं, पण त्या दिवसापासून गावात माझी पत गेली. नाव मोठं, लक्षण खोटं, असं लोक म्हणू लागले. मी ते गिळलं. बदनामीने गाडी मरत नाही. मला वेगळीच भीती होती. म्हाताऱ्याला खरं कळलंच नव्हतं. त्याच्या लेखी तेलाने माझा लाल डोळा बरा झाला होता. पोळा दर वर्षी येतो, मित्रांनो. ते सगळं वर्ष मी त्या वाटीची वाट पाहिली.

आणि खांदशेकणीची सांज आली. आसारामबाबा गोठ्यात आले. तीच पितळी वाटी, तोच वास. त्यांनी चाकांवरच्या पत्र्याला तेल लावलं. बोनेट उघडलं. हात डबीच्या झाकणावर ठेवला. बाहेर लिलाधर रेणूच्या बैलाला चाक बसवत होता. मी मनातल्या मनात त्याला हाका मारत होते.

झाकण फिरल्याचा आवाज झाला. लिलाधरने वर पाहिलं आणि तो धावत आला. त्याने बापाचं मनगट धरलं. तेल सांडलं.

"नका टाकू, बाबा," तो म्हणाला. "मागच्या सालीबी हेच टाकलं होतं तुमी. त्याच्यानंच बिरेक गेला होता."

आसारामबाबांनी वाटी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "तुले ठाव होतं?"

"हो."

"मंग सालभर काहून नाही सांगतलं?"

"तुमी खचून जाल म्हनून."

आसारामबाबांनी बाहेर बसलेल्या रेणूकडे पाहिलं. "अन् आज मी भरलं असतं," ते म्हणाले, "उद्या हे लेकरू बसलं असतं. मंग?"

 लिलाधर बापाच्या पायाशी बसला आणि रडला. म्हातारा रडला नाही. त्यांनी झाकण घट्ट लावलं, पदराने पुसावं तसं उपरण्याने पुसलं, आणि वाटीच्या तळाशी उरलेलं तेल पळसाच्या पानावर घेऊन माझ्या पत्र्यावर चोळलं. बाहेरूनच. मग रीतीप्रमाणे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आधी आमचं म्हणणं समजून घ्या. लाल दिवा लागला तर त्यावर टिचकी मारू नका, तो विझला म्हणून खूशही होऊ नका. आणि तुमच्या घरात कुठे धागा तुटला असेल, तर कुणाला वाईट वाटेल म्हणून माग तसाच चालू ठेवू नका. थांबा आणि सांगा.

आता रोज सकाळी लिलाधर किल्ली फिरवतो तेव्हा म्हातारा खिडकीतून आत वाकतो. माझे सगळे दिवे लागतात, मग एकेक विझतात. लाल विझेपर्यंत तो श्वास धरून असतो. मीही.