मालकाची शिडी

माझी बहीण ओडेसा लग्न करून उत्तरेत न्यूअर्कला गेली, ते साल १९५२. लग्न जूनमध्ये झालं. वडील ते पाहायला नव्हते. फेब्रुवारीतच आम्ही त्यांना टेकडीवर पुरलं होतं.

नॉर्थ कॅरोलायनात व्हिटली मालकाच्या तंबाखूच्या शेतावर त्यांनी छत्तीस वर्षं काढली; मीही तिथेच राबायचो. आमच्याकडे गोरे लोक काळ्या माणसाला 'बॉय' म्हणत. सहा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, बॉयच. डोकं पार पांढरं झालं तर एखादा 'अंकल' म्हणे. 'मिस्टर' मात्र कधीच नाही. मालकाच्या पाच वर्षांच्या शेंबड्या नातवाला वडील टोपी काढून 'मिस्टर डेल' म्हणायचे.

दफनाला मालक आला होता. खड्ड्याकडे पाहून म्हणाला, "चांगला बॉय होता."

वडील अडुसष्ट वर्षांचे होते. माझ्या बायकोने, व्हर्नेलने, माझी बाही घट्ट धरून ठेवली. पण याच्या तोंडून वडिलांचं नाव वदवून घ्यायचंच, हे तिथेच ठरवलं, आणि ओडेसाला बोलूनही दाखवलं.

ऑगस्टमध्ये भट्टीतली, म्हणजे तंबाखूची पानं वाळवायच्या उंच कोठारातली, पहिली खेप तयार झाली. आग विझवली होती, पण आत धग होती. पानांचे देठ वाळले का, हे मालक स्वतः वर चढून बघायचा. दुसऱ्याच्या बोटांवर त्याचा भरवसा नव्हता. शिडीने तो छताखाली पानं टांगलेल्या वाशांवर गेला. मी शिडी काढली आणि दाराबाहेर गवतात आडवी टाकली.

"ए बॉय! शिडी कुठे नेलीस?"

"इथेच आहे, मालक. माझ्या वडिलांचं नाव काय?"

"काय?"

"छत्तीस वर्षं तुमच्याकडे होते. नाव सांगा, शिडी लावतो."

"डोकं फिरलं का तुझं? गुडघे धरलेत माझे! भाजतंय इथे!"

"ते तर रोज चढायचे. त्यांनाही भाजत असेल."

वरून शिव्या आल्या. मग "सॅम" आलं. मग "जो". मग परत शिव्या. मी उंबऱ्यावर बसून खिशातलं पीच खाल्लं.

बऱ्याच वेळाने वरून बारीक आवाज आला, "मला माहीत नाही रे."

"आणि ते नांगराला जुंपायचे त्या खेचराचं?"

"केट," तो लगेच म्हणाला.

"ओझायस पेटिफर्ड," मी म्हटलं. "आधी मिस्टर लावायचं."

तो पुटपुटला.

"मोठ्याने, मालक. ते पलीकडच्या टेकडीवर आहेत."

दुसऱ्यांदा तो ओरडून म्हणाला. तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं, तरी म्हणाला.

शिडी लावली, पण धरायला थांबलो नाही. व्हर्नेलने सकाळीच पोरं आणि गोधड्या मोटारीत भरून ठेवल्या होत्या. थांबलो असतो तर रात्री घराला आग लागली असती, आणि मला झाडाला टांगलं असतं. दिवस मावळायच्या आत आम्ही जिल्हा ओलांडला.

न्यूअर्कला ओडेसाने दार उघडलं, आम्हा सगळ्यांना बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "केलंस ना शेवटी, लिनवुड?"

"तीनदा म्हणाला."

"मिस्टर लावून?"

"मिस्टर लावून."

ती पोट धरधरून हसली.

व्हिटली १९६० च्या मार्चमध्ये मेला. माझे वडील, मिस्टर ओझायस पेटिफर्ड, ९ फेब्रुवारी १९५२ रोजी वारले.