पन्नास ग्रॅम

"एक हजार चार," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि काटेमास्तरच्या बायकोनं तोंडावरचा मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला. आत ती हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल हजार ग्रॅमचं झाल्याशिवाय आईच्या छातीशी द्यायचं नाही, असा त्या वॉर्डाचा नियम होता. तेवीस दिवस ती काचेच्या पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून लेकीच्या तळव्याला लावत होती. त्यापलीकडे लेक तिच्या वाट्याला आली नव्हती. आज दुपारी चारला येणार होती. सिस्टरनी तिला पुढून बटणं असलेलं काहीतरी घालून यायला सांगितलं.

काटेमास्तर मात्र काट्याकडे बघत होता.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची एकवीस वर्षं गेली होती. दुकानातल्या काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. दहा ग्रॅमच्या फरकासाठी त्यानं सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा बंद ठेवायला लावला होता, आणि मेव्हणा त्यानंतर दोन वर्षं बोलला नाही. लग्नात सासरच्यांनी चिडवलं होतं, जावईबापू नवरी तोलून घेणार का? असा हा माणूस. आणि हाच माणूस आठ दिवस मूग गिळून बसला होता.

त्याला त्या आठांतल्या पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मुलीला उचलल्यावर रिकामं ताट शून्यावर येत नव्हतं. कधी सहा दाखवायचं, कधी नऊ. सिस्टर बटण दाबून शून्य करत आणि पुढच्या बाळाकडे वळत. त्यांचा तरी काय दोष, एका वेळी चौदा बाळं. पण ज्या काट्याला शून्यावर यायचा कंटाळा आला, तो वरचे आकडेही खोटेच सांगतो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, सात ग्रॅम वाढली, माझं दूध लागायला लागलं तिला. बाळंतपणानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. मास्तरनं स्वतःची समजूत घातली की दवाखान्यातली माणसं बघून घेतील, आपण कोण शहाणे? दुसऱ्या दिवशी आणखी सात. मग आठ. बायको आईला फोन करकरून आकडे सांगू लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

पण आज डॉक्टर पेटीजवळ थांबलेच नाहीत. वजन वाढतंय ना, मग काळजी नाही, असं म्हणून पुढे गेले. मास्तरनं कामाची पिशवी जवळ ओढून घेतली.

दुपारी बायको दूध काढायच्या खोलीत गेली, तेव्हा त्यानं कामाच्या पिशवीतलं एक किलोचं पितळी वजन काढलं. दाराजवळच्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, वजनही साबण लावून धुतलं, कोरडं केलं, आणि सिस्टर काटा पुसत होत्या तिथं जाऊन मुकाट्यानं ताटात ठेवलं.

एक हजार बावन्न.

सिस्टरनी आकडा पाहिला, मग वजनावर काय कोरलंय ते पाहिलं. शेजारच्या वॉर्डातला काटा मागवला. त्यावर मुलगी नऊशे चौपन्न भरली. आठ दिवसांपूर्वी ती नऊशे एक्कावन्न होती. लेक वाढली होती तीन ग्रॅम, बाकीचे पन्नास काट्याचे होते. सिस्टर डॉक्टरांना फोन करायला निघाल्या. बाईंना मी सांगते, म्हणाल्या. तो म्हणाला, नको, मीच सांगतो.

चारला ती आली. अंगात त्याचाच जुना शर्ट, केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली. त्यानं तिला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. आधी ती काट्याला बोलली, मग दवाखान्याला. मग त्याच्याकडे बघू लागली.

"तुम्हाला आज कळलं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुणी तपासायला येणार नव्हतं.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला.

"आणि मला रोज जेवताना बघत बसलात."

"तू जेवत होतीस म्हणून तर."

तिनं शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

संध्याकाळी मुलीचं रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. आतड्याला संसर्ग झाला होता. दूध बंद झालं, नळ्या आल्या, मुलगी आठशे नव्वदवर उतरली. डॉक्टर म्हणाले की आज सापडलं हे नशीब. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाले की चार दिवस आधी सापडतं तर पोरीला एवढं जड गेलं नसतं. पहिलं वाक्य बायकोनं ऐकलंच नाही. दुसरं तिनं मनात गाठ मारून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले. ती त्याला पाणी मागायची, औषधाची चिठ्ठी द्यायची, बस. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, निदान चार शब्द आपलेही घुसडता आले असते. त्याच्या डोक्यात एकच भुंगा. आठ दिवस आधी बोललो असतो तर लेकीच्या कामी आलो असतो, एक दिवस उशिरा बोललो असतो तर बायकोच्या, लेक एकदा तरी तिच्या छातीशी आली असती. आपण बोललो तो दिवस कुणाच्याच कामाचा नव्हता. पोर त्या दिवसामुळेच वाचली, असं सिस्टरनी त्याला दोनदा सांगितलं. ते त्याला पटायचं, पण रात्रीपर्यंत टिकायचं नाही.

त्या संध्याकाळपासून सत्ताविसाव्या दिवशी मुलगी एक हजार अकरा भरली. कुणी न सांगता सिस्टरनी तिला पुन्हा एकदा तोललं. तेवढीच. मग त्यांनी पडदा ओढला, बायकोला खुर्चीत मागे रेलायला लावलं आणि मुलीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. बायकोच्या घशातून एक आवाज निघाला. पंधरा वर्षांच्या संसारात तो त्यानं कधी ऐकला नव्हता. मुलगी दोनदा हलली आणि तिथंच निजली.

"या मास्तर," सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीही पाठीवर हात ठेवा."

त्यानं हात मघाशीच धुतले होते. तो पुढे झाला.

"नको," डोळे न उघडता बायको सिस्टरना म्हणाली. "त्यांचे हात गार असतात."

तो बरं म्हणाला आणि पडद्याबाहेर आला. बाहेर त्यानं तळहात एकमेकांवर चोळले, गालाला लावून पाहिले, पुन्हा चोळले. मग दोन्ही हात काखेत धरून तो पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.