तोंडातले खिळे

एकदा मी एका घोडीला इतकी हलकी नाल ठोकली होती, की ती नदीच्या पाण्यावरून टपटप चालत पलीकडे गेली. मालक लगाम धरून तिच्या मागोमाग निघाला होता, तो तेवढा भिजला. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा.

तर अशा माणसाला, चाळीस वर्षं नालबंदी केल्यावर, साठीनंतर शाळेत जावं लागलं. नवा नियम निघाला होता. प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणाच्या घोड्याच्या खुराला हात लावायचा नाही.

"मग मी काय घरात बसून खुर्च्यांच्या पायांना नाल ठोकू?" मी विचारलं.

"खुर्च्या तरी लाथ मारत नाहीत," बायको म्हणाली. "पण तुम्ही दिवसभर घरात, हे मला झेपायचं नाही. नाव घाला मुकाट्यानं."

शिकवायला होती आमचीच धाकटी. लहानपणापासून आम्ही तिला ठिणगी म्हणतो, कारण भट्टीजवळून ती कधी हटायचीच नाही. पुढे रीतसर शिकून ती याच शाळेत मास्तरीण झाली. पहिल्या दिवशी गेटवरच तिनं मला थांबवलं.

"बाबा, गेटच्या आत मी मॅडम. बाबा-बिबा काही नाही."

"बरं मॅडम. माझा डबा तेवढा द्या, तुमच्या पिशवीत राहिलाय."

वर्गात सगळी अठरा-वीस वर्षांची. मला आजोबा म्हणायची आणि माझ्या वहीत बघून चित्रं काढायची. खुराच्या आत कुठलं हाड कुठे बसतं, ते मी तिथे शिकलो. चाळीस वर्षं ज्या हाडांच्या शेजारी खिळे मारले, त्यांची ओळख एवढ्या उशिरा झाली.

आडवी आली ती एक सवय. खिळे मी ओठांत धरायचो. एक ठोकला की दुसरा जिभेनं पुढे. शाळेत याला सक्त मनाई. घोड्यानं झटका दिला आणि खिळा घशात गेला तर? खिळे मनगटावरच्या लोहचुंबकाच्या पट्ट्याला चिकटवायचे. मी मॅडमना सांगितलं, आजवर तीन खिळे गिळलेत, होकायंत्राजवळ गेलो तर काटा माझ्या पोटाकडे वळतो, बाकी तब्येत उत्तम. मॅडमनी वहीत लाल शाईनं लिहिलं, 'खिळे पट्ट्यावर.'

पहिल्या परीक्षेत सगळं झकास चाललं होतं. चौथ्या खिळ्याला परीक्षकांनी घड्याळ थांबवलं.

"आजोबा, तोंड उघडा."

उघडलं. तीन खिळे टणटण खाली पडले. कधी आत गेले, देवाशपथ, मलाच ठाऊक नाही. नापास! एकच संधी उरली होती. तीही गेली असती तर हातोडा कायमचा खुंटीला.

त्या संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "चाळीस वर्षं यांच्या तोंडात खिळे होते, म्हणून माझा संसार शांततेत झाला. आता काढायचे म्हणजे अवघडच."

मी हसलो. ठिणगी हसली नाही.

"मी बादली उपडी घालून तिच्यावर उभी राहायचे, बाबा. तुमच्यासाठी घोड्याचं तोंड धरून. काहीही विचारलं की तुम्ही नुसतं 'हं'. 'एक घोडी होती' इथपर्यंत कितीदा आलात तुम्ही. पुढे खिळे. आणि चहाच्या टपरीवर सगळ्या गावाला गोष्टी."

तोंड रिकामं होतं तरी मी "हं" एवढंच म्हणालो.

दुसऱ्या परीक्षेत माझ्या वाट्याला एक कोवळी करडी घोडी आली. ऐरणीचा आवाज झाला की थरथरायची. मागचा पाय उचलला की हिसकावून घ्यायची. तिचं तोंड धरायला शाळेनं मॅडमना उभं केलं. मॅडमनी बोलायचं नाही, खूण करायची नाही, असा दंडक.

दोनदा पाय सुटला. तिसऱ्यांदा कसाबसा मांडीवर घेतला आणि माझा हात खिळ्यांसकट थेट ओठांकडे निघाला. वर बघितलं तर ठिणगीचे डोळे त्या हातावर. हात मी खाली आणला. पण तोंडाचं काय करायचं? रिकामं ठेवायची त्याला सवयच नव्हती.

"एक घोडी होती," मी म्हणालो.

करडीचा एक कान मागे वळला.

"ती इतकी जोरात पळायची, की टापांचा आवाज मागे राहायचा. आज पळाली तर आवाज उद्या यायचा. लोक रिकाम्या रस्त्यावरून बाजूला उड्या मारायचे."

पहिला खिळा बसला. खणखणीत वाजला, म्हणजे कडक खुरातच गेला होता. पाय मांडीवर सैल पडला.

"एकदा पळता पळता तिला एक मुलगी दिसली. एवढीशी. उपड्या बादलीवर उभी. घोडी तिथेच थांबली. म्हणाली, माझा आवाज मागून येतोय, तोवर थांबू का तुझ्यापाशी?"

गोष्ट सांगत सांगत सातही खिळे ठोकले. टोकं वळवून कापली, कानशीनं घासली. पाय खाली ठेवला तेव्हा करडी डुलक्या काढत होती. परीक्षकांनी नाल बोटांनी चाचपली, कडेनं नजर फिरवली.

"तोंड उघडा, आजोबा."

"आ."

बराच वेळ बघत होते. मग खाली वाकून त्यांनी सही केली. पास!

घोडी तबेल्यात बांधून ठिणगी माझ्याबरोबर चालत निघाली. माझा चामडी एप्रन तिनंच खांद्यावर घेतला होता.

"मग? आला का तो आवाज?"

"वाटेत भरकटला होता बिचारा. पंचवीस वर्षं लागली. आजच पोचला."

तिनं एप्रन दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग नाक ओढून म्हणाली, "थापा मारू नका, बाबा."

गेट अजून चांगलं वीस पावलं पुढे होतं.