हाल्या भगताचा खडा

हाल्या भगताने तांदूळ पसरलेले सूप बुधीबाईच्या उशाशी सरकवले आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर घेतल्या. तिच्या सुनेला, प्रगतीला, नेमके तेच खटकले. बाह्या वर करून दाखवणारा माणूस दुसरीकडे काहीतरी लपवतो, अशी तिची खात्री होती.

"सगळी हातचलाखी," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली.

नितीन तलासरीच्या कॉलेजात मराठी शिकवायचा. आई कण्हत असली, तरी शब्द तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणे त्याला जमत नसे.

"चलाखी फारसीतली. तिला लबाडीचा वास आहे," तो कुजबुजला. "हस्तलाघव म्हण. लघुपासून लाघव, म्हणजे हलकेपणा. त्यात नुसतं कसब."

"मग कसबाने बुडेल उद्याचं ऑपरेशन."

डहाणूच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दाखवले होते. आता उशीर केला तर जिवावर बेतेल, असेही बजावले होते. बुधीबाईचे म्हणणे सरळ होते. खडेच ना? मग हाल्या काढील. निम्म्या कैनाड गावाच्या पोटातले त्यानेच काढलेत. त्याला जमले तर पोट फाडायचे कशाला?

हाल्या पुटपुटत पोट चोळू लागला. बुधीबाईने डोळे मिटले. प्रगतीचे डोळे त्याच्या उजव्या हातावर होते. त्याची करंगळी काही केल्या उघडत नव्हती. तांदूळ घ्यायला हात वळला, म्हाताऱ्या करंगळीची पकड सुटली आणि सुपात काहीतरी टपकले. काळा, गुळगुळीत खडा.

"सांडतील हं," म्हणत प्रगतीने वाकून सूप सावरले.

हाल्याने सुपात हात घातला. नुसते तांदूळ. त्याने प्रगतीच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिले. नितीननेही पाहिले. "हस्तलाघव," तो स्वतःशीच पुटपुटला.

"निघाला का रे?" बुधीबाईने विचारले.

"नाय निघत. देव बोलतो, हा डाक्तरच्या हातचा हाय."

"तू असून?"

"मी असून."

बुधीबाईने डोळे उघडले आणि सुनेकडे मान वळवली. मग म्हणाली, "पोरी, उद्यासाठी माझं नवं लुगडं काढून ठेव."

प्रगती हाल्याला पोचवायला अंगणात आली. आता हा गावभर बोभाटा करणार, हे तिने धरूनच ठेवले होते. हाल्याने चपला घातल्या, दाराकडे एकदा पाहिले आणि तळहात पुढे केला.

"दे."

"काय?"

"नदीतून वेचून आणलाय. असा गुळगुळीत मिळत नाय." त्याच्या आवाजात राग नव्हता. "सांजच्याला आगर गावाला जायचंय. तिथं एकाचं पोट दुखतंय."

"त्याला डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"ते मला कोण सांगतंय?"

हाल्याचा तळहात तसाच पुढे होता. प्रगतीची मूठ उघडेना.