फळीखालचे बिऱ्हाड

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, माझे तोंड भिंतीकडे आणि पाठ तुमच्याकडे आहे, म्हणून राग मानू नका. ज्यांनी मला इथे टांगले, त्यांना माझे तोंड कुठले हेच ठाऊक नव्हते.

सुताराने मला बालवाडीच्या कपाटासाठी कापले. माझ्यावर रंगखडूंचे डबे असत. पुढे कपाट मोडले आणि मी अडगळीत गेले. असून अडचण, नसून खोळंबा असे म्हणतात. माझ्या नसण्याने तर कोणाचा खोळंबाही होत नव्हता.

मग शाळेत ताई आल्या. मुलांना चित्रातले किडे दाखवण्यापेक्षा अंगणातले दाखवावेत, असा त्यांचा हट्ट. त्यांनी मला ओढत बाहेर आणले आणि नळाजवळच्या ओल्या मातीत पालथे घातले. दुसऱ्या दिवशी मुलांनी मोठ्या आशेने मला उचलले, तर खाली नुसती माती. सगळ्यांची तोंडे एवढीशी झाली.

"अरे, कालच तर घर बांधलंय," ताई म्हणाल्या. "येतील. उद्या बघू."

आणि खरेच आले. आधी मुंग्या आल्या, मग गांडुळे, मग हात लावताच वेटोळे घालणारा पैसा किडा आणि शेवटी आपल्या चालीने, सावकाश, एक गोगलगाय. बघता बघता माझ्याखाली भरले बिऱ्हाड झाले.

ताईंचा एक नियम होता. "आपण कुणाच्या घरी दार न वाजवता घुसतो का?" त्या विचारत. म्हणून मुले उकिडवी बसत, माझ्यावर टकटक करत आणि "आत येऊ का?" असे विचारत. मग दोघे जण दोन टोकांना धरून मला अलगद उचलत. बघून झाले की होते तिथेच, होते तसेच ठेवत.

खरे सांगते, मला हेवा वाटे. सगळे कौतुक गोगलगायीचे, माझ्याकडे कोण बघतो! पण बिऱ्हाडकरू माझे होते. अंधारात पोटाखालून कोणीतरी सरपटत जाई आणि मला गुदगुल्या होत. माझा एक कोपरा मऊ पडला, त्यावर पांढरी छत्री उगवली. मी कुजत होते, मित्रांनो, आणि माझे फार छान चालले होते.

वर्गात सगळ्यांत लहान एक मुलगी होती. तिला सगळे टिल्ली म्हणत. आधी ती ताईंच्या मागे लपून एका डोळ्याने बघायची. एकदा गोगलगाय तिच्या बोटावर चढली आणि टिल्ली श्वास रोखून बसली. त्या दिवसापासून टकटक करायचा मान तिने कोणाला दिला नाही.

मग ताईंची बदली झाली. जाताना त्या एकट्याच माझ्यापाशी आल्या आणि माझ्यावर टकटक केली. आत येऊ का, असे मात्र त्यांनी विचारले नाही.

त्यांच्या जागी आलेल्या बाई स्वभावाने भल्या होत्या. मला पाहून त्यांना वाईटच वाटले. "ताईंची एवढी लाडकी फळी, आणि ही अशी चिखलात?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला खसकन उपटले. टकटक केलीच नाही. उन्हात गांडुळे तळमळली. गोगलगाय कुठे गेली, ते मला आजवर कळलेले नाही.

बाईंनी मला ब्रशने घासले, उन्हात वाळवले, हिरवा रंग दिला, कागदी फुलपाखरे चिकटवली आणि व्हरांड्यात टांगले. पालक येतात, "किती सुंदर!" म्हणतात, फोटो काढतात. जन्मात माझे एवढे कौतुक झाले नव्हते. आणि इतकी एकटी मी अडगळीतही नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मोठी माणसे सांगतात. जरूर जपा. पण उचलण्याआधी त्यांच्या आसऱ्याला कोण आहे, तेवढे बघा.

काल शाळा सुटल्यावर टिल्ली मागे रेंगाळली. टाचा उंचावून तिने माझ्यावर टकटक केली. "आत येऊ का?" असे विचारून गाल भिंतीला टेकवला आणि माझ्यामागच्या फटीत डोकावून बघितले.

"अजून कोणी आलं नाही वाटतं," ती म्हणाली. मग माझी समजूत काढावी तशी मला थोपटत म्हणाली, "येतील हं. उद्या बघू."

ती रोज येते, रोज हेच म्हणते. माझ्यामागे कोरडी भिंत आहे. तिथे कोणीही येणार नाही, हे मला कळते, तिला कळत नाही. पण माझा तो कोपरा रंगाखाली अजून मऊ आहे. ताईंचा शब्द टिल्लीपुढे खोटा पडू देऊ नका, मित्रांनो. दोनच खिळे आहेत. मला खाली ठेवा.